सहा औट एकवीस

१

पुस्तक वाचायची लायकी नसलेला माणूस पुस्तकावर लिहितो. वाचनालयात चौदा वर्षं मी हेच पाहिलं.

वाचनालय म्हणजे सोसायटीच्या इमारतीतली कडेची खोली. पलीकडच्या खोलीत खताची पोती. मधल्या भिंतीला वर वीतभर फट होती. तिथून युरियाचा वास यायचा आणि पुस्तकांना लागायचा. दोन लोखंडी कपाटं, एक टेबल, दोन बाकं आणि भिंतीवर सोसायटीच्या चेअरमनचा हार घातलेला फोटो. चेअरमन जिवंत होता. हार त्याने स्वतःच घालायला लावला होता.

सकाळी आठला कुलूप काढायचं, झाडून घ्यायचं. मग परत आलेली पुस्तकं पानापानाने चाळायची. हातात खोडरबर. लोक पेन्सिलीने शेरे मारत. 'रडलो.' 'खोटं आहे.' 'ही बाई आमच्या चुलतीसारखी आहे.' रहस्यकथा असली तर पहिल्याच पानावर, 'खुनी कोण ते पान ११२ वर लिहिलंय.' पान ११२ उघडावं तर तिथं, 'गाढवा, फसलास.' सगळं खोडायचं, चुरा फुंकायचा, पुस्तक कपाटात ठेवायचं. नवीन पुस्तक आलं तरी आधी हेच. शेरा राहिलेलं एकही पुस्तक माझ्या कपाटात नव्हतं.

माझं शिक्षण चौथी. त्यातली दोन वर्षं निजामाच्या उर्दूत गेली. पाढे मठातल्या अय्यांनी, म्हणजे स्वामींनी शिकवले, पोटरीवर छडी मारून. पावकी, निमकी, औटकी, सगळे. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. आजच्या मॅट्रिकवाल्याला विचारा, तो तोंडाकडे बघत बसेल. पुढचं वाचन माझं मी शिकलो. त्यामुळे मॅट्रिकवाल्यांचे शेरे खोडताना माझा हात कधी अडला नाही.

२

१९८० च्या उन्हाळ्यात कळंबच्या एका आडत्याने पोतंभर जुनी पुस्तकं वाचनालयाला दान दिली. रद्दीत घातली असती तर नाव झालं नसतं. त्या पोत्यात ते होतं. जाड, चारशे पानांचं, पुठ्ठा गेलेला, पहिली आठ पानं गेलेली. त्याचं नाव मला आजही माहीत नाही.

विज्ञानाची कादंबरी होती. पण आकाशात उडणाऱ्या तबकड्या, हिरवी माणसं, असला पोरकटपणा तिच्यात नव्हता. एक शहर होतं. त्या शहरात लोकांच्या मनातलं ऐकणारं एक सरकारी खातं होतं. यंत्र कुठं दिसत नाही, कारण यंत्र म्हणजे माणसंच. खातं काही माणसांना कान करून ठेवतं आणि त्यांना तसं सांगत नाही. कान झालेला माणूस शेजारच्याच्या मनातलं ऐकतो आणि त्याला वाटतं, हा आपलाच विचार. त्यामुळे कान कोण हे कुणालाच माहीत नाही. खुद्द कानालाही नाही.

आणि सांगण्याची तऱ्हा अशी की चौथं प्रकरण पहिल्याच्या आधी घडतं, नववं प्रकरण म्हणजे सहाव्यातल्या माणसाने रचलेलं खोटं, आणि हे लेखक कुठंही फोड करून सांगत नाही. ज्याला कळलं त्याला कळलं. मी टेबलावर ज्वारीचे दाणे मांडून वाचायचो. एक दाणा म्हणजे एक माणूस. ज्याच्यावरचा कान असल्याचा संशय फिटला, तो दाणा बाजूला. दोन तासांत सात पानं व्हायची. संध्याकाळी दाणे कागदात बांधून ठेवायचे, सकाळी पुन्हा तसेच मांडायचे. मला आयुष्यात एवढं सुख दुसऱ्या कशात मिळालं नाही. बायको होती तेव्हाही नाही.

शाळेचे शांतलिंग गुरुजी बी.ए. होते आणि ते विसरत नसत. पोतं आलं त्या दिवशी त्यांनीच ते पुस्तक आधी उचलून नेलं आणि तिसऱ्या दिवशी परत आणून टाकलं.

"गुरुलिंगप्पा, त्यात डोकं घालू नका. म्या तिसाव्या पानाला हात जोडले."

"का बरं?"

"आता माणसाच्या मनातलं कुणाला ऐकू येतंय व्हय? डोकं म्हंजी काय चावडीवरचा रेडिओ हाय, पिळला कान की लागला बोलाय?"

"तुमच्या डोक्यात ऐकण्यासारखं काही न्हाय, गुरुजी. तुम्हाला कशाची भीती?"

ते हसले. टोमणा कळला नाही की हसायचे. मी ते पुस्तक रबर घेऊन पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळलं. एकही शेरा नव्हता. गुरुजींना शेरा मारण्याइतकंही कळलं नव्हतं.

त्यानंतर ते पुस्तक मी कुणाला दिलं नाही. टेबलाच्या खणात ठेवलं आणि किल्ली करदोड्याला बांधली.

३

पहिला शेरा त्रेसष्टाव्या पानावर भेटला.

त्या पानावर एक डॉक्टर आपल्या भावाला सांगतो, मी खात्याची पायरी कधी चढलो नाही. मी मनात म्हटलं, खोटं बोलतो. नजर खाली गेली. समासात पेन्सिलीने लिहिलं होतं, 'खोटं बोलतो.'

खोडला. चुरा फुंकला. चाळताना नजरेतून सुटला असेल. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. या जगात माझ्याखेरीज आणखी एकाला हे पुस्तक कळलं होतं. अक्षर मात्र गचाळ होतं. मोठं, थरथरतं, आणि शब्दांवर रेघ नव्हती. दांडी काढून घेतल्यावर कपडे तसेच हवेत राहावेत, तशी अक्षरं.

सत्तराव्या पानावर मला वाटलं, इथं लेखक चुकला. एकच बाई एका वेळी दोन ठिकाणी कशी? समासात होतं, 'चुकला नाही. मागचं पान नीट वाच.'

मागचं पान वाचलं. माझ्याकडूनच एक ओळ सुटली होती.

मला गावात कुणी एकेरी बोलत नाही. हा शेरा मी असा खोडला की कागद फाटला. पण डोकं जागेवर ठेवलं. लेखक वाचकाला वेसण घालून नेतो. तेव्हा एकाच जागी दोन वाचकांच्या मनात एकच विचार येणार. विहिरीवर सगळ्या बायकांचा पाय एकाच पायरीवर घसरतो, यात भुताटकी नसते, शेवाळ असतं.

एक्याऐंशीव्या पानाशी मी जरा थांबलो होतो. बाहेर ऊन होतं. गुरुजी शाळेच्या व्हरांड्यात डुलक्या घेताना दिसत होते. परत पुस्तकाकडे वळलो.

'गुरुजीला कळलं नाही याचाच तुला आनंद.'

हे पुस्तकाबद्दल नव्हतं. आणि ते पान मी आदल्या संध्याकाळी पाहून ठेवलं होतं. ते कोरं होतं.

४

दुपारी दोन ते चार त्याच खोलीत बायकांचा प्रौढ शिक्षणाचा वर्ग भरायचा. शिकवायला सुमनबाई. बौद्धवाड्यातली, मॅट्रिक झालेली, सायकलवर येणारी. गावात कुणी तिच्याशी वाकडं बोललं की ती सरळ उत्तर देत असे. म्हणून तिच्यापुरता मी मॅट्रिकवाल्यांबद्दलचा माझा तिटकारा जरा आवरून धरला होता.

वर्गात सात बायका. त्यातली एक माझी धाकटी बहीण शरणम्मा. तिचा नवरा महालिंगप्पा त्र्याहत्तर साली वारला. तेव्हापासून ती माझ्याच घरी. माझी बायको त्याआधीच गेलेली. घरात आम्ही दोघंच. ती भाकरी करायची, मी खायचो. पन्नाशीला आलेली बाई पाटीवर बोट फिरवून 'ग म भ' गिरवायची. कशाला, असं मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

मी सुमनबाईला ते पान दाखवलं. तोवर त्या पानावर आणखी दोन शेरे उमटले होते. ते दिसू नयेत म्हणून त्यांच्यावर तळहात ठेवला.

"बाई, हे तुमच्या वर्गातल्या कुणाचं?"

तिने वाचलं आणि पदर तोंडाला लावला.

"अण्णा, कुणी का लिवलं असंना, अगदी तुमच्या मनातलं लिवलंय की!"

"मी विचारलं तेवढं सांगा."

"अक्षर नव्या माणसाचं हाय. वर रेघ न्हाय बगा. रेघ मी शेवटी शिकवते. आधी अक्षर, हात धीट झाला की मग रेघ. पण आमच्या बायका अजून काना-मात्र्यावर हायेत. एवढं लिवायला त्येंना दिवाळी उजाडंल."

बाकावरून शरणम्मा बोलली, "अण्णाच्या पुस्तकाला कोण हात लावतंय? समदं गाव भिऊन हाय त्येंना."

"भिऊन न्हाय गं, मानून," दुसरी एकजण म्हणाली.

"मानायलाच पायजे," शरणम्मा म्हणाली. "इहिरीवर दोर धरून माझ्या अण्णाचं हात सोलून निघालं हुतं. मालक न्हाय वाचलं, त्येला देव तरी काय करंल? पर अण्णानं दोर सोडला न्हाय. अजून बगा वण हायती तळहातावर."

साती बायकांनी माझ्या हाताकडे पाहिलं. तळहात पुस्तकावर होता. मी तो उचलला नाही.

५

त्यानंतर शेरे पुस्तकाबद्दल राहिले नाहीत.

'तहान लागली. उठायचा कंटाळा.' मला तहान लागली होती.

'चेअरमन येतो आहे. मूर्ख.' पायरीवर चपला वाजल्या. चेअरमन आला आणि आपल्या फोटोचा हार सरळ करून गेला. मला हसू आलं. ते तेवढंच.

पुढच्या पानावर होतं, 'तळहात का झाकतोस?'

मी पुस्तक मिटलं. खोलीत कुणी नव्हतं. भिंतीपलीकडे उंदीर खताचं पोतं कुरतडत होता. ऊन पत्र्यावर वाजत होतं. मी उठून खताच्या खोलीचं कुलूप पाहिलं, ते बंद होतं. भिंतीतल्या फटीशी स्टुलावर चढून पाहिलं. पोती आणि अंधार. मग मला माझीच लाज वाटली. साठीचा माणूस स्टुलावर चढून भिंतीच्या भोकात काय बघतो? तेही गुरुजींच्या शाळेसमोर?

स्वतः लिहून विसरतोस का, असंही मनाला विचारून पाहिलं. टेबलाला दोरीने बांधलेली पेन्सिल मी सोडवून घरी नेली. दुसऱ्या दिवशी शेरे होतेच.

कादंबरीत यावर उपाय सांगितलेला होता. एक माणूस खात्यापासून मन लपवायला लहानपणीचं एक गाणं सतत घोळवत राहतो. ऐकणाऱ्याला गाण्याखेरीज काही सापडत नाही. लेखक त्याला भिंत म्हणतो. मला ती युक्ती फार आवडली होती. मीही भिंत घातली. गाणी मला येत नाहीत. डोक्यात जे सगळ्यांत वर होतं ते घेतलं. औटकी.

एक औट औट. बे औट सात. तीन औट साडेदहा. चार औट चौदा. पाच औट साडेसतरा. सहा औट एकवीस. आणि परत पहिल्यापासून.

झाडताना, जेवताना, वाचताना. शरणम्मा समोर असली की एक क्षण खंड नाही. सहाव्यावरच का थांबतो हे मी मनाला विचारलं नाही. मनाला काही विचारायचंच नाही असं ठरलं होतं.

पाच दिवस समास कोरे राहिले. मला वाटलं, जिंकलो. खात्याला हरवणारा चौथी पास माणूस. मी पुन्हा दाणे मांडून गोडीने वाचू लागलो. डॉक्टरचा दाणा कान नाही, हे मला दोनशेव्या पानावर कळलं. लेखकाने ते सांगायच्या आधी.

सहाव्या दिवशी दोनशे बाराव्या पानाच्या तळाशी एकच शब्द होता.

'पुढं?'

६

आता विहिरीचं सांगतो.

बहात्तर-त्र्याहत्तरच्या दुष्काळात महालिंगप्पाच्या गावातलं पाणी संपलं आणि तो बायकोला घेऊन सासुरवाडीला राहायला आला. बडबड्या माणूस. त्याला गप्प बसता येत नसे आणि गंभीरही होता येत नसे. चावडीवर सगळ्यांसमोर मला म्हणायचा, "पाव्हणं, एवढी पुस्तकं वाचायलाव. एकादं पान पिळून तरी बगा, घोटभर पाणी निघंल." लोक पोट धरून हसायचे. उपाशी लोक, तरी हसायचे.

वेशीजवळची विहीर साठ हात खोल. तळाला फक्त झरा उरला होता. कमरेला दोर बांधून एकाने खाली उतरायचं, वाडग्याने झरा घागरीत उपसायचा, वरच्याने कप्पीवरून घागर ओढून घ्यायची. अशा विहिरीत हवा खराब असते. म्हणून गावाचा एक नियम होता. उतरलेल्याने तोंड बंद ठेवायचं नाही. अभंग म्हणा, मठातलं वचन म्हणा, शिव्या द्या, पण आवाज वर येत राहिला पाहिजे. आवाज थांबला की ओढायचं. हे गावात शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

महालिंगप्पा औटकी म्हणायचा. शाळेत त्याला ती कधी पूर्ण आली नव्हती. दर खेपेला सहा औट एकवीसपर्यंत यायचा, अडायचा, आणि खालून ओरडायचा, "पाव्हणं, पुढं?" मी वरून सांगायचो, साडेचोवीस. मग तो दहापर्यंत न्यायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. दिवसातून पन्नास वेळा. मुद्दाम करतो असं लोक म्हणत. मला कामाला लावायला.

त्या दिवशी दोराशी मी एकटाच होतो. जोडीदार घागरी घेऊन गेला होता. सकाळचे अकरा वाजले असतील. खालून आवाज आला, सहा औट एकवीस. आणि थांबला.

'पुढं?' आलं नाही.

मी ठरवलं, विचारल्याशिवाय सांगायचं नाही. रोज रोज मी का सांगू? एकदा त्याची त्याला आठवू दे.

मी गावाला हेच सांगितलं. तो नेहमीसारखा अडला असं वाटलं म्हणून थांबलो. गावाने मान्य केलं. सगळ्यांनाच माहीत होतं, तो तिथं अडायचा. मी ओढायला लागलो तेव्हा दोर इतका जड होता की हात सोलून निघाले. ओरडलो तेव्हा चौघं धावत आले. त्या हातांमुळे पुढे कुणी काही विचारलंच नाही.

थांबलो किती, हे मात्र मी कुणाला सांगितलं नाही. मी विहिरीच्या काठावर दोर धरून मनातल्या मनात औटकी म्हटली. पहिल्यापासून पस्तीसपर्यंत, अय्यांसमोर म्हणायचो तशी सावकाश. बघ, अशी म्हणतात, असं त्याला दाखवत. एकदा नाही. तीनदा. दुसऱ्यांदा म्हणताना दोर ढिला पडलेला मला हाताला कळला होता. तिसऱ्यांदा पस्तीसवर आलो आणि मग ओढला.

हे इथं पहिल्यांदा लिहितो आहे. माझ्या डोक्याबाहेर हे कधी गेलं नव्हतं.

७

दोनशे बारानंतर प्रत्येक पानावर तोच शब्द. 'पुढं?' मी खोडायचो. उलटलं की पुन्हा 'पुढं?' रबर संपलं. गुरुजींकडून मागून आणलं.

"काय हो, एवढं काय खोडायलाव?" त्यांनी विचारलं.

"लोकांचा मूर्खपणा," मी म्हटलं.

"मग रबर पुरायचं न्हाय," गुरुजी म्हणाले. बी.ए. झाल्यापासून त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच शहाणपणाचं वाक्य निघालं होतं.

श्रावणात एक दिवस वर्ग सुटल्यावर सुमनबाई टेबलाशी थांबली.

"अण्णा, शरणम्माबाईंनी कमाल केली. मागच्या सोमवारपातुर जमत न्हाय म्हणत हुत्या, आता घडाघडा वाचायल्यात. सगळ्यांच्या आधी मी त्येंनाच रेघ शिकवणार. त्येंना आता पुस्तक पायजे."

"देतो एखादं. मोठ्या टाइपातलं."

"न्हाय, तसलं न्हाय म्हणत्यात. तुम्ही वाचता त्येच पायजे म्हणत्यात. जाड."

बाकावर शरणम्मा पाटी पदराने पुसत बसली होती. तिने वर पाहिलं नाही.

दोघी गेल्यावर मी खण उघडला. तीनशे चाळीसावं पान. 'पुढं?' तिथं नव्हतं. तिथं एक पुरं वाक्य होतं, थरथरत्या, रेघ नसलेल्या अक्षरात.

'शरणे, दोर ढिला पडलेला मला कळला होता.'

तिला शरणे फक्त मी म्हणतो.

रबर घेतलं, पण खोडून काय होणार होतं? मी पुस्तक मिटलं. शेवटची तीन प्रकरणं राहिली होती. कान कोण, हे त्यांत होतं. टेबलावर दोन दाणे उरले होते, एक डॉक्टरच्या भावाचा आणि एक त्याच्या घरी स्वयंपाक करणाऱ्या बाईचा. बाईला मी कधी मोजलंच नव्हतं. पाच-सहा ठिकाणी तिचं नाव येतं, ती ताट वाढते आणि जाते.

चौदा वर्षांत मी एकही पुस्तक अर्धं टाकलं नव्हतं आणि फाडलं तर मुळीच नव्हतं. त्या रात्री झोप लागली नाही. सकाळी वाचनालय उघडलं, झाडलं, आणि अकराच्या सुमाराला ते पुस्तक काखेत मारून घरी निघालो. चूल पेटलेली असेल. चारशे पानं जळायला वेळ लागत नाही.

८

रस्त्यात कुणी भेटलं नाही. गाव रानात खुरपायला गेलं होतं. मी भिंत घालूनच चालत होतो. एक औट औट, बे औट सात.

अंगणात आलो. आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता आणि त्या ठेक्यावर शरणम्मा काहीतरी पुटपुटत होती. मला वाटलं, वचन म्हणते आहे. उंबऱ्याशी आलो तेव्हा शब्द लागले.

"तीन औट साडेदहा. चार औट चौदा."

औटकी प्रौढ वर्गात शिकवत नाहीत. सुमनबाईलाच ती येत नाही, मी तिला एकदा विचारून खजील केलं होतं. नवऱ्याच्या तोंडून ऐकली असेल, मी मनाला सांगितलं. विहिरीवर ती घागरी न्यायला यायची. ऐकली असणारच. माझं डोकं अजून ठिकाणावर होतं.

"पाच औट साडेसतरा. सहा औट एकवीस."

ती थांबली. थापणंही थांबलं.

मी उंबऱ्याबाहेर उभा होतो. मला तिची पाठ दिसत होती. परातीत अर्धी थापलेली भाकरी, तिच्यावर दोन्ही हात तसेच टेकलेले. मान वळली नाही. चुलीशेजारी तिची पाटी भिंतीला टेकवलेली होती. पाटीवर काहीतरी लिहिलेलं होतं, मोठ्या अक्षरात, वर रेघ नसलेलं. चुलीच्या धुरातून मला ते वाचता आलं नाही. पुढे होऊन मी ते वाचलं नाही.

आवाज थांबला की ओढायचं. मी 'शरणे' म्हटलं असतं तरी पुरे होतं. किंवा नुसतं साडेचोवीस. शब्द ओठाशी होता. पण मला वाटलं, ती विचारेल. माझी चाहूल तिला लागलीच आहे, 'अण्णा, पुढं?' म्हणेल. विचारलं की सांगू. न विचारता मी का सांगू?

तव्यावरची भाकरी करपायला लागली. तिने ती उलटली नाही.

मी ओठ न हलवता म्हणू लागलो. पहिल्यापासून. एकवीस ओलांडलं, सात औट साडेचोवीस, आठ औट अठ्ठावीस, नव्वे औट साडेएकतीस, दाहे औट पस्तीस. झाली. ती हलली नाही. धूर दारातून बाहेर यायला लागला. डोळ्यांना पाणी आलं. पुन्हा पहिल्यापासून. पस्तीस. काखेतलं पुस्तक घामाने ओलं झालं होतं. माझे तळहात चुरचुरत होते, सात वर्षांपूर्वी चुरचुरत होते तसे. तिसऱ्यांदा म्हणायला लागलो तेव्हा मला कळत होतं की मी काय करतो आहे. तरी थांबलो नाही. सावकाश, एकेक, अय्यांसमोर म्हणावी तशी. नव्वे औट साडेएकतीस. दाहे औट

"पस्तीस," शरणम्मा म्हणाली.

तिची मान अजून तिकडेच होती. हात पिठात. आवाज रोजचाच, जेवायला बोलवावं तसा.

"तीनदा झालं, अण्णा. आता ओढा."